जांभळीचा बाक

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तिचा शेवटचा तुकडा तर माझ्याच हातून घडला. तो मी अजून कोणालाच सांगितलेला नाही. आज सांगतो.

मामा नेवाशाच्या अलीकडे एका गावात राहतात. गावाचं नाव सांगणार नाही. मोबाईल घेऊन व्हिडिओ करायला येणाऱ्यांची ब्याद नको.

आणि अमावास्येची रात्र, कुत्र्यांचं रडणं, पैंजणांचा आवाज असलं काही हवं असेल तर इथेच थांबा. यात रात्रच नाही. जे झालं ते टळटळीत दुपारी झालं.

तारीख अकरा मे, दोन हजार चोवीस. वार शनिवार. बारा वाजून गेले होते.

मामांचं नाव यशया. धंदा सुतारकीचा. आमच्या ख्रिस्ती वस्तीत मास्तर पुष्कळ, सुतार एकटे मामाच. आणि त्यांचा कान असा होता की लाकडाचा ओंडका कापायची गरजच पडायची नाही. बोटं वाकवून दोनदा टकटक करायचे, मान तिरकी करायचे आणि सांगायचे.

भरीव आहे.

किंवा, आतून गेलंय. पोकळ आहे.

लोक म्हणायचे, डॉक्टरचं मशीन चुकेल, यशयाचं बोट चुकायचं नाही.

तर त्या शनिवारी चर्चच्या एका खिडकीची कडी सैल झाली होती. दुसऱ्या दिवशी उपासना. मामा हातोडी घेऊन एकटेच गेले. लाइट गेलेली, पंखे बंद. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा ट्रॉलीखाली जाऊन पडली होती.

मामा कडी ठोकत होते. थांबले. खिळा तोंडात धरला.

टक… टक…

पाठीमागून.

त्यांना वाटलं, लाकूड तडकलं. उन्हाळ्यात तडकतं. त्यांनी परत हातोडी उचलली.

टक… टक…

तडकण्याचा आवाज एकदा होतो आणि संपतो. हा दोनदा होत होता. मग थांबत होता. कोणीतरी विचारून उत्तराची वाट बघावी, तसा. आणि मामांच्या कानाने लगेच ओळखलं, हे लोखंड नाही. हे बोट आहे. वाकवलेलं बोट.

मामा वळले. चर्चमध्ये कोणीही नव्हतं.

बाकांच्या रांगा होत्या. पुढचे चार बाक मामांनी स्वतः केलेले, काळपट लाल लाकडाचे. आवाज त्यातल्या तिसऱ्या बाकातून येत होता.

ते जवळ गेले. आधी वास आला. ओल्या पाचोळ्याचा, कुजक्या पानांचा, गार वास. आमच्याकडे मे महिन्यात धुळीशिवाय कसलाच वास येत नाही. मामांनी खाली वाकून बघितलं.

बाकाखाली पाणी साचलं होतं. स्वच्छ. गार.

आणि दारापासून त्या बाकापर्यंत… ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी, बारीक, म्हाताऱ्या माणसाचे. डाव्या पायाची करंगळी उमटलेली नव्हती. येणारे ठसे होते, जाणारे नव्हते.

मामा तिथेच बसले. घाबरले म्हणून नाही. त्यांनी तो पाय ओळखला होता.

आता पाच वर्षं मागे जावं लागेल.

एकोणीस साली आमचं चर्च नवं बांधलं. भिंती झाल्या, पत्रे झाले, बसायला मात्र सतरंज्याच. मामांना वाटायचं, देवाच्या घरात आपल्या हातचं काहीतरी पाहिजे. लाकूड कुठून आणायचं, हाच प्रश्न. तेव्हा काकासाहेब नावाचा लाकडाचा व्यापारी त्यांच्याकडे आला. म्हणाला, "यशयाभाऊ, चार बाकांचं लाकूड मी फुकट देतो. फक्त एक दिवस माझ्याबरोबर अकोल्याकडं चला. एक झाड वाजवून बघायचंय."

अकोले तालुका आमच्याच जिल्ह्यात. तिथे पार घाटाच्या कडेला एक वाडी आहे आणि वाडीच्या वर देवराई. देवासाठी राखलेलं रान. काकासाहेबाने जीपमध्येच रीत समजावून सांगितली. त्या रानातलं पानसुद्धा तोडायचं नाही. वाळली काटकी उचलायची नाही. पडलेलं झाड तिथेच कुजू द्यायचं. लोखंड आत न्यायचं नाही. एकच सवलत. एखादं झाड आतून पोकळ झालं आणि देवाच्या ठाण्यावर पडायची भीती असली, तर परगावचा सुतार बोलवायचा. परगावचाच, कारण त्याला झाडाचा लोभ नसतो आणि भावकीही नसते. त्याने झाड वाजवायचं. तो पोकळ म्हणाला तर झाड उतरवायचं. तो भरीव म्हणाला तर हात लावायचा नाही.

"तुम्ही काय म्हणायचं, ते तुम्हाला कळलंच असेल," काकासाहेब म्हणाला.

मामांना कळलं होतं. जीपमधून उतरले मात्र नाहीत.

असं रान मामांनी जन्मात बघितलं नव्हतं. आमच्याकडे बाभळी, लिंब आणि मैलभर ऊन. तिथे जांभूळ, हिरडा, आंबा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. वेलींची खोडं मांडीएवढी. वर बघितलं तर आभाळ नाही, नुसती पानं. पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत जायचा आणि मे महिन्यात त्या पाचोळ्याखाली ओल होती. रातकिडे भर दुपारी ओरडत होते. इतके, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

मधोमध ती जांभळी. चार माणसांच्या कवेत न मावणारी. तिच्या मुळांमधून पाण्याचा झिरा निघत होता, बारीक, पण न थांबणारा.

गावातली माणसं बरीचशी संगमनेरकडे मजुरीला गेलेली. उरलेली म्हातारी मंडळी जमली. देवाचं ठाणं बघणारे म्हातारे गोरक्षनाथ होते. आणि झिऱ्यावर कळशी लावून बसलेली एक म्हातारी होती, भीमाबाई. डाव्या पायाला करंगळी नव्हती. लहानपणी कोयता लागला, असं तिनेच सांगितलं.

"बाबा, तुमी कुठले?" तिने मामांना विचारलं.

"नेवाशाकडचा."

"मंग तुमी बी हेच पानी पेता की. हितं चार म्हैनं आभाळ फाटतं. ही झाडं त्ये पानी मुळात धरून ठिवत्यात अन् उन्हाळ्यात थोडं थोडं सोडत्यात. ह्यो झिरा वढ्याला जातो, वढा परवरेला. परवरा तुमच्याकडंच येती ना?"

नातं लागतं, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं.

मग म्हणाली, "आमाला झाडाचं पोट दिसत न्हाई. तुमाला ऐकू येतं म्हनत्यात. काय असंल ते खरं सांगा."

मामांनी बोटं वाकवली. दोनदा वाजवलं.

टक… टक…

मामा सांगतात, असा भरलेला आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कुठे नखाएवढी भेग नाही. मान तिरकी करून ते उभे राहिले. मनात म्हणाले, देवाच्या घरासाठीच तर आहे. आपल्याला काय घरी न्यायचंय.

आणि म्हणाले, "पोकळ आहे."

त्या क्षणी… रातकिडे थांबले.

सगळे. एकदम. पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

गोरक्षनाथांनी ठाण्यापुढे हात जोडले आणि बाजूला झाले. सुताराचा शब्द म्हणजे शब्द. आठ दिवसांत जांभळी आडवी झाली. किती लांबीचे तुकडे पाडायचे, ते सांगायला मामा परत गेले होते. कापणारे सोडले तर तिथे कोणी नव्हतं. खोड कुठेही पोकळ नव्हतं, लाल, ओलं, रसरशीत होतं. काकासाहेबाच्या माणसांनी बुडख्यावर घाईघाईने माती लोटायला घेतली.

तेवढ्यात भीमाबाई कळशी घेऊन आली.

ती बुडख्याजवळ बसली. त्यावरून हात फिरवला, कडेपासून मधापर्यंत. सावकाश. मग मामांकडे बघितलं.

"हे पोकळ हाय व्हय?"

मामा हातातली मोजपट्टी गुंडाळायला लागले.

ती उठली. जवळ आली. वाकवलेलं बोट तिने मामांच्या छातीवर ठेवलं आणि दोनदा वाजवलं.

"आता हितं बघा वाजवून," म्हणाली आणि कळशी न भरताच गेली.

बाक झाले. सुरेख झाले. चर्चच्या पाळकसाहेबांनी बाकांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं, 'यशया यांचे प्रेमदान'. दर रविवारी मामा ती अक्षरं वाचत होते. पाच वर्षं. मरियामामीलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं.

आता कळलं ना, तो पाय बघून मामा खाली का बसले ते?

त्यांनी शर्ट काढून ते पाणी पुसलं आणि घरी आले. कोणाला काही बोलले नाहीत.

सोमवारी गावातले राधाकृष्ण पाटील सागाची फळी घेऊन आले. दाराचं काम होतं. मामांनी सवयीने वाजवलं.

पोकळ.

परत वाजवलं. पोकळच. मामा म्हणाले, "पाटील, फसवलं तुम्हाला. आतून खाल्लंय." पाटलांनी तिथल्या तिथे फळी कापून दाखवली. आत लाकूड दगडासारखं होतं. पाटील हसले, "यशया, तुझ्या कानात बोळा गेला का रे?" मामा हसले नाहीत. पाटील गेल्यावर त्यांनी दुकानातली एक एक फळी वाजवली. बाभूळ, लिंब, साग. चौकट वाजवली. जोतं वाजवलं.

सगळं पोकळ.

आणि त्याच दुपारी काकासाहेबाचा फोन आला.

"यशयाभाऊ, परत एकदा कान द्यायचाय. सहा झाडं आहेत. काजवे बघायला पुण्या-मुंबईची गर्दी येते हल्ली, तंबूवाल्यांना वरपर्यंत रस्ता पाहिजे. आणि गंमत बघा, गाव काय म्हणतंय? तोच नेवाशाचा सुतार आणा. त्याचा शब्द खरा."

मामांनी हातातली फळी खाली ठेवली. ते म्हणाले, "ती म्हातारी काय म्हणते? भीमाबाई?"

"कोण? ती करंगळी नसलेली? ती तर बावीस सालीच गेली. त्या जांभळीखालची माती पावसात वाहून आली अन् झिरा बुजला ना. मग खालच्या विहिरीवर जायची, तास-दीड तासाचा उतार. एका दुपारी पायऱ्यांवरून घसरली. कळशीसकट."

"महिना कोणता?"

"मेच असेल. का हो?"

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "या वेळी चर्चला मोठा दरवाजा करा. लाकूड माझं. आणि नसलं यायचं तर दुसरा सुतार मिळेल मला. पण मग मागचंही निघेल हो बोलता बोलता. चर्चमध्ये तुमचं नाव लिहिलंय म्हणे बाकावर."

मंगळवार ठरला. एकवीस मे.

मध्ये एक रविवार होता. आमच्याकडे उपासनेत साक्ष देतात. म्हणजे ज्याच्या मनाला काही लागलं असेल, त्याने उठून मंडळीसमोर सांगायचं. मामांनी ठरवलं होतं की उठायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. लोकांनी थुंकलं तरी चालेल, पण काकासाहेबाच्या धमकीत दम राहणार नाही आणि ती सहा झाडं वाचतील.

ते उठले. सगळ्यांनी माना वळवल्या. तिसऱ्या बाकावर ग्रेसआजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या.

मामांनी तोंड उघडलं आणि बाकाच्या पाठीवरचं ते 'प्रेमदान' दिसलं. ते म्हणाले, "माझी मुलगी एंजेला नर्सिंगची परीक्षा पास झाली. देवाची स्तुती असो."

सगळे आमेन म्हणाले. मामा खाली बसले.

टक… टक…

कोणीच मान वळवली नाही. ते फक्त मामांनाच ऐकू आलं.

उपासना संपल्यावर ग्रेसआजी उठल्या आणि लुगडं चाचपत म्हणाल्या, "यशया, या बाकावर पाणी कोणी सांडलं रे? माझं सगळं लुगडं भिजलं." पोरी खिदळल्या. एक म्हणाली, "आजी, तुमचं वय झालं आता." आजीही हसल्या बिचाऱ्या. मामा मात्र त्यांच्या लुगड्याकडे बघत राहिले. त्याला ओल्या पानाचा तुकडा चिकटला होता.

मामा मला म्हणतात, "सॅम्युएल, झाड पाडलं तेव्हा मी लोभी होतो. पण त्या रविवारी मी भेकड होतो. लोभाला निदान काहीतरी मिळतं."

मंगळवारी दुपारी जीप वाडीवर पोचली. मामा वर चढले आणि त्यांना जागाच ओळखू येईना. जिथे जांभळी होती तिथे लाल उघडा उतार होता. पावसाने घळ पाडलेली. जांभळी गेल्यावर ऊन आत शिरलं होतं आणि शेजारची लहान झाडं उभ्या उभ्या वाळली होती. झिऱ्याच्या जागी चिखलाचा सुकलेला खड्डा. त्याच्या कडेने प्लास्टिकचे रिकामे हंडे ओळीने ठेवलेले. टँकर येणार होता म्हणे, चार दिवसांपासून.

आणि आवाज नव्हता. एक रातकिडा नाही. एक पाखरू नाही.

माणसं जमली. गोरक्षनाथ थकले होते. त्यांच्याशेजारी एक बाई उभी होती, रंगुबाई, भीमाबाईची सून. "रामराम सुतारबाबा," म्हणाली. नमस्कार घेताना मामांची मान वर होईना.

काकासाहेबाने पहिलं झाड दाखवलं. हिरडा. मामांनी बोटं वाकवली.

टक… टक…

पोकळ.

दुसरं. पोकळ. तिसरं, चौथं. सहाच्या सहा पोकळ वाजली.

आता बघा, माणूस कसा असतो. मामा सांगतात, त्या क्षणी त्यांना हायसं वाटलं. या वेळी खोटं बोलायचंच नव्हतं. कानाने ऐकलं तेच सांगायचं होतं. पोकळ म्हणायचं, जीपमध्ये बसायचं, घरी जायचं. देवाशपथ सांगता आलं असतं की मी ऐकलं तेच बोललो.

त्यांनी तोंड उघडलं.

गोरक्षनाथांच्या मागे एक मोठा सपाट दगड होता. उन्हाने तापलेला. त्यावर…

एक ओलं पाऊल उमटलं.

मग दुसरं. डाव्याला करंगळी नव्हती.

पावलं दगडाच्या कडेला येऊन थांबली. दोन्हींची तोंडं मामांकडे. दगड तापलेला, तरी ते ठसे वाळत नव्हते.

मामा म्हणाले, "भरीव आहेत. सहाच्या सहा."

"यशयाभाऊ," काकासाहेब हळूच म्हणाला.

"आणि ती जांभळीही भरीव होती. मी खोटं बोललो. चर्चच्या बाकांसाठी खोटं बोललो. माझा कान आता गेलाय, मला सगळं पोकळच ऐकू येतं. तरी मी सांगतो, ही झाडं भरीव आहेत. यांना हात लावू देऊ नका."

मामांना वाटलं, आता दगड येतील. दगड आले असते तर बरं झालं असतं, असं ते अजून म्हणतात.

रंगुबाई वाडीकडे गेली आणि तांब्या घेऊन परत आली. तळाशी गाळ असलेलं, मातकट पाणी.

"घ्या," म्हणाली.

मामा बघत राहिले.

"सासूनं मलाच सांगून ठिवलं हुतं. सुतार परत यील. त्याला कुनी बोलू नका. लांबनं आलेला असंल, आदी पानी द्या."

मामा ते पाणी प्यायले. दीड तासाच्या चढावरून डोक्यावर आणलेलं पाणी. ते रडत होते आणि पीत होते, आणि रंगुबाई तांब्या परत मिळायची वाट बघत उभी होती.

काकासाहेब जीप घेऊन निघून गेला होता. मामा पायीच उतरले, बायका विहिरीवर जातात त्या वाटेने. सगळ्या उतारभर त्यांच्या पाठीमागे आवाज येत होता. भरलेल्या कळशीत पाणी डचमळतं, तो. मामा थांबले की आवाजही थांबायचा. विहिरीच्या पायऱ्या आल्या आणि तो आवाज त्यांना ओलांडून खाली उतरत गेला. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या रविवारी त्यांनी खरी साक्ष दिली. मंडळीतले काही चिडले. मरियामामी दोन महिने नीट बोलली नाही. पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन वाडीवर विचारलं की बाक परत आणून देऊ का. गोरक्षनाथ म्हणाले, "आता आनून काय करता? बसा त्यावर. पर बसताना ध्यानात ठेवा."

ती सहा झाडं अजून उभी आहेत. काकासाहेब दुसरा सुतार शोधतोय, असंही कानावर येतं. झिरा अजून फुटलेला नाही.

इथपर्यंतचं गावात सगळ्यांना माहीत आहे. पुढचं नाही.

या मे महिन्यात मी राहुरीहून मामांना भेटायला गेलो. शनिवार होता. घरी नव्हते. मामी म्हणाली, "चर्चमध्ये असतील. शनिवारचे दुपारी तिथेच असतात."

मी गेलो. मामा तिसऱ्या बाकाखालचं पाणी फडक्याने पुसत होते. फडकं बादलीत पिळत होते. बादली अर्धी भरली होती.

मी शाळामास्तर माणूस. म्हटलं, पत्र्यातून गळत असेल. वर बघितलं. पत्रा कोरडा ठणठणीत, आणि पाऊस पडून सात महिने झालेले.

"ये," मामा म्हणाले. "बरं झालं आलास. तुला लहानपणी मी वाजवायला शिकवलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. सुट्टीत त्यांच्या दुकानात बसून मी फळ्या वाजवायचो. माझा कानही वाईट नव्हता.

मामांनी शर्टाची वरची बटणं सोडली. छाती किती खोल गेली होती. माझा हात धरून त्यांनी तिथे ठेवला.

"माझ्या कानावर माझा आता भरवसा नाही. साक्ष दिली, माफी मागितली, ती झाडं वाचली. मग आता हे भरलं असेल ना? तू वाजव. काय असेल ते खरं सांग."

मी बोटं वाकवली. दोनदा वाजवलं.

टक… टक…

बाहेर लिंबावर एक कावळा ओरडत होता. तो गप्प झाला.

मी जे ऐकलं ते असं. आवाज आत गेला. जातच राहिला. माणसाच्या छातीत जेवढी जागा असते तेवढ्यात तो संपायला हवा होता, तो संपला नाही. आणि मग आत… खूप खाली… पाण्याचा एक थेंब पडला.

मामा माझ्याकडे बघत होते. एवढ्या आशेने त्यांनी कधी कोणाकडे बघितलं नसेल.

"भरीव आहे, मामा," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश बटणं लावली. "बरं," म्हणाले आणि परत फडकं उचललं. त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. सुताराला कळतंच, असं मला वाटतं.

मी राहुरीला परत आलो. माझ्या घरात जांभळीचं लाकूड नाही. टेबल प्लायवूडचं आहे, दुकानातून आणलेलं.

काल शनिवार होता. बारा वाजले होते, मी पेपर तपासत बसलो होतो. टेबलाच्या खालून, माझ्या गुडघ्याजवळ, वाकवलेल्या बोटाने कोणीतरी दोनदा वाजवलं.

आणि थांबलं.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.